बाभळीपासून वडापर्यंत

मी मेंढरांमागे पळून पळून धावपटू झाले, असं माझ्याबद्दल आजवर तीनचार वेळा तरी छापून आलं आहे. छापणाऱ्यांपैकी एकाने जरी आयुष्यात मेंढरू जवळून पाहिलं असतं, तरी हे वाक्य त्याच्या पेनातून उतरलं नसतं. मेंढरामागे कोणी पळत नाही. पळालं की कळप बुजतो, फुटतो, अर्धा ज्वारीत शिरतो आणि अर्धा नाल्यात. मेंढरांपाशी उभं राहायचं असतं. काठीवर हनुवटी टेकवून, उन्हात, तासन्‌तास उभं. आमच्या घरात सगळ्या पिढ्यांनी हेच केलं. म्हणजे मला वारशात काही मिळालं असेल तर ते उभं राहणं. पळणं मी परभणीला कॉलेजात आल्यावर शिकले, आणि ते कोणी शिकवलं नाही.

हे सगळं मी एका वार्ताहराला नीट सांगितलं होतं. त्याने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, आणि आठवड्याने मथळा आला तो मेंढरांचाच. या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या शब्दांत लिहा' असं कळवलं तेव्हा वाटलं, लेखाशेजारी चित्र मात्र मेंढराचंच टाकतील. टाकोत. मजकूर माझा आहे.

ज्यांनी क्रॉसकंट्री पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानात गोल गोल फिरायचं नसतं. रस्ता सोडून रानातून, पांदीतून, कालव्याच्या कडेने पळायचं. पायाखाली ढेकळं, काटे, मध्येच कोणाची तरी म्हैस. एका ठिकाणापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. वळायच्या ठिकाणी फक्कीची पांढरी रेघ मारलेली असते आणि तिथे एक माणूस खुर्ची टाकून बसतो. तो तुमच्या मनगटावर जांभळा शिक्का मारतो. शिक्का नसेल तर शर्यत बाद, कारण अर्ध्यातून वळून येणारे महाभाग कमी नसतात. सगळ्या शर्यतीत सर्वांत कमी हालचाल त्या माणसाची. त्याने फक्त सांगितलं तिथे बसायचं. माझ्या अनुभवात एवढं काम जमलेली शिकलेली माणसं फार थोडी भेटली.

पुरुषांना बारा किलोमीटर असायचे, आम्हाला चार. का, तर बायकांना झेपत नाही. हे आम्हाला दर वर्षी कोणीतरी पाहुणा माईकवरून समजावून सांगायचा. त्यातल्या एकाला स्टेजच्या तीन पायऱ्या उतरायला दोन शिपाई लागले होते. पुरुष अर्ध्या चड्डीत पळायचे. आम्हाला सलवार-कमीज सक्तीची, कारण कॉलेजची इज्जत आमच्या पोटऱ्यांत होती. सलवारीचा घोळ पायात यायचा म्हणून सायकलवाले पँटीला लावतात तसल्या क्लिपा आम्ही घोट्याला लावायचो. पुरुष परत आले की त्यांच्यासाठी लिंबू आणि ग्लुकोजची बादली तयार असायची. आम्ही येईपर्यंत बादलीत बिया उरायच्या.

आम्ही म्हणजे मी आणि कुसुम. कुसुम पालमकडची, बौद्धवाड्यातली. मीही पालम तालुक्यातलीच, पण तिची माझी ओळख परभणीच्या हॉस्टेलात झाली. आमच्या दोघींच्या घरांत आमच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पहाटे कालव्याच्या कडेला आम्ही दोघीच पळायचो. ती माझ्यापेक्षा चांगली पळायची. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा माझी जीभ उपटली असती तरी कबूल केलं नसतं. शर्यतीत मी पुढे असायचे कारण मला हरण्याची चीड होती. तिला नव्हती. तिला पळण्याचंच सुख होतं, आणि असल्या माणसाला हरवणं सोपं असतं.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून मराठवाड्यात माणसं माणसांची घरं पेटवत होती. कुसुमच्या मावशीचं घर त्यात गेलं होतं. ती त्याबद्दल बोलायची नाही. हॉस्टेलातल्या मुली जेवताना या विषयावर तावातावाने बोलायच्या आणि ती आली की भाजीत मीठ किती, यावर यायच्या. मीही यायचे.

त्या वर्षी ठरलं होतं की कॉलेजच्या शर्यतीत ज्या मुली चार किलोमीटर सतरा मिनिटांच्या आत पळतील, त्यांना विद्यापीठाच्या निवडीला पाठवायचं. माझ्यासाठी हे नुसतं निवडीपुरतं नव्हतं. चारठाण्याच्या बाजूचं एक स्थळ चुलत्यांनी धरून ठेवलं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले होते, "टीममदी नाव आलं तर औंदा थांबतो. न्हाई आलं तर तुजा चुलता म्हणंल तसं." आप्पा शब्दाचे पक्के, आणि हीच त्यांची अडचण. मला थांबवायचं झालं असतं तरी त्यांनी शब्द मोडला नसता आणि सासरी पाठवायचं झालं असतं तरी मोडला नसता.

शर्यत सकाळी सातची. सातला पुरुष सुटले. ते परत आले, मग पाहुण्यांचा नाश्ता, मग पुरुषांचं बक्षीस वाटप, मग पाहुण्यांचं भाषण. बायकांना सोडलं साडेअकराला.

वळणाच्या जागी भूगोलाचे प्राध्यापक नेमले होते. आदल्या दिवशी शिपायाने टेप धरून बरोबर दोन किलोमीटर मोजले होते आणि एका बाभळीपाशी फक्की मारली होती. आता साडेअकराच्या उन्हात बाभळीची सावली किती, हे सांगायला भूगोल शिकायला लागत नाही. आम्ही बाभळीपाशी पोचलो तर रेघ होती, माणूस नव्हता. मी पाय न थांबवता इकडेतिकडे पाहिलं. कुसुमने हात केला. लांबवर एक मोठा वड होता आणि वडाखाली काहीतरी पांढरं दिसत होतं. प्राध्यापकांचा सदरा.

शिक्का नाही तर शर्यत नाही. आम्ही वडाकडे निघालो. पळणाऱ्यालाच कळेल की इथे वळायचं असं मनाशी ठरवून ठेवलेलं ठिकाण मागे पडलं की पायांत काय होतं. श्वास मोजलेला असतो, ताकद मोजलेली असते. पुढचा तो तुकडा पाय फुकटात देत नाहीत. वडाखाली सर खुर्चीत बसले होते, बूट काढून. माझ्या मनगटावर शिक्का उमटवत म्हणाले, "या, या. सावलीत जरा दम खा."

मी पहिली आले, कुसुम माझ्या तीनचार पावलं मागे. वेळ लागला वीस मिनिटं चाळीस सेकंद.

दोन दिवसांनी बोर्डावर कागद लागला. पुरुषांची सहा नावं. खाली एकच ओळ: 'महिला – पात्र खेळाडू नाही.'

मी खेळाच्या सरांकडे गेले. हे सर वाईट नव्हते. त्यांना काही नको असायचं, एवढंच. भांडण नको, कागद नको, मुली नकोत.

"सर, खुर्ची पुढं होती. रेघ बाभळीपाशी होती."

"किती पुढं?"

"लय पुढं."

"लय म्हणजे किती? हे काही आकडा नाही." त्यांनी भूगोलाच्या सरांना हाक मारली. ते चहा पीत होते.

"खुर्ची सरकवली असेल हातभर," भूगोल म्हणाला. "डोक्यावर ऊन आलं होतं. सावलीला बसलो, गुन्हा केला का?"

जगाचा नकाशा फळ्यावर बिनचूक काढणारा माणूस. हातभर.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आप्पा आले. हॉस्टेलच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसलेले दिसले तेव्हाच मी समजले. शेजारी नव्या दोराचं वेटोळं होतं. मेंढरं रात्री कोंडायच्या जाळीला आमच्याकडे वाघूर म्हणतात. तिच्यासाठी बाजारातून घेतलेला.

"नाव न्हाई न्हवं आलं," आप्पा म्हणाले. "शिपायानं सांगितलं. चल मग. दुपारच्या गाडीनं जाऊत."

पण दुपारची गाडी नव्हतीच. नामांतरावरून अचानक बंद पुकारला होता आणि दहा वाजता एसटी उभ्या राहिल्या. कॉलेज बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आप्पा मुकाट परत लिंबाखाली येऊन बसले. माझं लक्ष दोराकडे गेलं.

"आप्पा, हा दोर किती हात हाय?"

"कामून? फाशी घेतीस का?"

"रस्ता मोजायचाय."

मी सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. त्यांना क्रॉसकंट्री कळली नाही, पण सांगितलेली जागा सोडून माणूस सावलीला जाऊन बसला, हे लख्ख कळलं. राखणीचा माणूस जागा सोडून गेला तर काय होतं, हे त्यांना कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"नवा दोर हाय," ते म्हणाले. "नवा दोर लबाड असतो. ताणला की वाढतो. आदी त्याचा ताण काढावा लागंल." आणि त्यांनी दोराचं एक टोक लिंबाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि तासभर मागे रेलून उभे राहिले. येणाराजाणारा कोणी असता तर म्हाताऱ्याला वेड लागलं म्हणाला असता.

फाटकाच्या आतून कुसुम आली. तिने शिवणाची टेप आणली होती. आम्ही दोघींनी दोर जमिनीवर ताणून टेपेने पंचवीस मीटर मोजले, दोनदा, आणि तिथे तिने गाठ मारली. गाठीला आपल्या वेणीची लाल रिबीन बांधली.

"चल की," मी म्हणाले.

"आज?" ती म्हणाली. तेवढंच. मी बंद म्हणजे मोकळा रस्ता, एवढंच पाहत होते. हा रस्ता तिला मोकळा नव्हता, हे माझ्या टाळक्यात शिरायला वेळ लागला. मला त्या दिवशी रस्ता रिकामा आहे याचा आनंद झाला होता. तो आनंद मला आजही विसरता येत नाही.

मी दोराचं पुढचं टोक धरलं, आप्पांनी मागचं. दर दोराला आप्पा एक खडा सदऱ्याच्या खिशात टाकायचे. त्यांना शंभर येत नव्हतं, विसा यायच्या. मेंढरं तशीच मोजतात. वीस झाले की मोठ्याने म्हणायचे, "एक इसा." "दोन इसा." बाभळीच्या रेघेवर दोर नेमका टेकला तेव्हा आप्पा म्हणाले, "चार इसा. एक खडा कमी न्हाई, एक जास्ती न्हाई."

ऐंशी दोर. दोन किलोमीटर. म्हणजे शिपायाची टेप खरी होती आणि आमचा दोरही खरा होता. मग आम्ही पुढे निघालो. वडाच्या बुंध्यापाशी खुर्चीच्या चार पायांचे खड्डे अजून दिसत होते. शेजारी विडीची थोटकं. पाच इसा आणि चार.

चोवीस दोर जास्त. सहाशे मीटर. जाऊन-येऊन एक किलोमीटर आणि वर दोनशे. बायकांना झेपत नाहीत म्हणून चार दिलेले, ते सव्वापाच झाले होते.

आप्पा खड्ड्यांकडे बघत राहिले. "हातभर म्हणला न्हवं?" ते म्हणाले. "कुणाचा हात म्हणावं एवढा?"

बंद उठल्यावर मी अर्ज लिहिला; त्याचा निकाल लागेस्तोवर थांबतो, असं आप्पा म्हणाले. दोघींच्या नावाने लिहायचा होता. कुसुमने माझ्या हातातला पेन धरला.

"माझं नाव नको घालू."

"का? तूबी तेवढंच पळालीस."

"माझं नाव दिसलं की ते आदी माझं आडनाव वाचतील. अंतर मागून वाचतील. तुझंबी काम नासंल. तू दे. तुझं झालं की माझं आपोआप होतंय. रस्ता एकच हाय की."

ते पटण्यासारखं होतं आणि मला पटवून घ्यायचंही होतं. मी एकटीच्या नावाने अर्ज दिला. खेळाच्या सरांनी दोराची गोष्ट वाचून तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी स्वतः शिपायाला घेऊन टेपेने मोजून आले. आमच्या मोजणीत आणि त्यांच्या मोजणीत दोन पावलांचा फरक. ती दोन पावलं आप्पांना आयुष्यभर टोचली. सरकारी टेप खोटी असणार, असं ते मरेपर्यंत म्हणायचे.

बोर्डावर नवा कागद लागला. 'अर्जदार विद्यार्थिनीची वेळ दुरुस्त करून तिला पात्र ठरविण्यात येत आहे.' चार किलोमीटरचा हिशेब लावून सोळा मिनिटांच्या आतली वेळ दिली होती. अर्जदार विद्यार्थिनी. एक.

मी सरांकडे धावले. "सर, कुसुमबी तेवढंच पळालीय. त्याच रस्त्यावर. माझ्या मागं."

"तिचा अर्ज कुठाय?"

"रस्ता एकच हाय, सर."

"रस्ता एक असेल, अर्ज एकच आलाय. तिनं द्यावा. उद्या नावं जायलीत."

ज्या माणसांना खुर्ची कुठे ठेवली हे सांगता येत नव्हतं, त्यांना नियम कुठे ठेवलेत हे मात्र बरोबर माहीत होतं. एक रस्ता, एक शर्यत, एक चूक, आणि दुरुस्ती एकीच्याच पायांची. मी कुसुमला शोधलं. ती धुणं वाळत घालत होती. मी सांगितलं, अर्ज दे, आत्ता दे. तिने परकराचं पाणी पिळलं.

"त्यांनी मोजलं न्हवं?" ती म्हणाली. "मोजूनबी न्हाई दिसलं तर अर्जानं काय दिसंल? जा तू. आप्पा थांबलेत तुझ्यासाठी."

उभं राहणं मला वारशात मिळालं होतं, असं मी वर लिहिलं आहे. त्या दिवशी बोर्डापुढे उभं राहायला हवं होतं. दोघींची नावं नसतील तर माझंही काढा, असं म्हणून, काठीवर हनुवटी टेकवल्यासारखं. मी पळाले. निवडीच्या गाडीत बसले. खिडकीतून पाहिलं तेव्हा कुसुम फाटकाशी नव्हती, आणि मला त्याने बरं वाटलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मी पुढे विद्यापीठाकडून पळाले, दोनदा राज्याकडून. कधी चौथी, कधी नववी. स्थळ गेलं. बी. ए. झाले, खेळाची शिक्षिका झाले. सत्कार झाले, भाषणं ऐकली. माझ्या धावण्याने जिल्ह्याचं नाव उज्ज्वल झालं, असं एका सत्कारात भूगोलाचेच प्राध्यापक म्हणाले. ते तेव्हा प्राचार्य झाले होते. नारळ देताना मांडवाच्या बरोबर सावलीत उभे होते.

कुसुमने नंतर शर्यत धावली नाही. नर्सिंगला गेली. पालमच्या दवाखान्यात लागली, असं कोणाकडून तरी कळलं. पत्र मी लिहिलं नाही. काय लिहायचं होतं?

नोकरीत मी एक नियम केला, त्यावरून शाळेतले लोक माझी चेष्टा करायचे. शर्यत असली की वळणाची खुर्ची माझी. कितीही ऊन असो, चारही पाय फक्कीच्या रेघेवर. एक तरुण शिक्षक म्हणायचा, "मॅडम, छत्री तरी घ्या." मी म्हणायचे, "तुम्ही पाहुण्यांकडे बघा. त्यांना लागेल."

अखेर नामांतर झालं. त्यानंतरच्याच थंडीत तालुक्याच्या शर्यती होत्या. थंडी नावापुरती, अकरा वाजता ऊन तेच. मुली सुटायला अवकाश होता. मी रेघेवर बसले होते. समोरून पांदीतून एक बाई चालत येताना दिसली. पांढरी साडी, दवाखान्यातली. मान खाली, ओठ हलताहेत. पन्नासेक पावलांवर आली तेव्हा ओळखलं आणि मी उठून उभी राहिले.

"कुसुम–"

तिने हात वर केला. बोलू नको. ओठ हलतच होते. ती सुरुवातीच्या रेघेपासून पावलं मोजत आली होती, पूर्ण दोन किलोमीटर. चप्पल खुर्चीच्या पायाला टेकली तेव्हा थांबली, आणि वाकून खुर्चीखालची फक्की पाहिली.

"माझी पोरगी हाय पळायला," ती म्हणाली. "निळ्या फ्रॉकातली."

"मोजायची काय गरज होती," मी म्हणाले. "मी आहे ना इथं."

"म्हणून तर मोजलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जड गेलं. लांबून शिट्टी ऐकू आली. मुली सुटल्या होत्या.

"बरोबर हाय," कुसुम म्हणाली, आणि तिने खुर्चीची पाठ जागच्या जागी घट्ट धरली, मी बसावं म्हणून. "आता पोरी येईस्तोवर उठू नको."